स्लाइड हातात येण्याआधी

प्रश्न : मी विकृतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड वाचणे मला मनापासून आवडते आणि वरिष्ठांच्या मते त्यात माझी प्रगतीही चांगली आहे. परंतु पुढचे आठ आठवडे मला केवळ हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काढायचे आहेत. त्यात ग्रॉसिंग (नमुना पाहून, मोजून त्यातले तुकडे निवडणे), प्रोसेसिंग (ऊतीतले पाणी काढून मेण भरणे), एम्बेडिंग (तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवणे), मायक्रोटोम या कापणीयंत्रावर सेक्शन म्हणजे पातळ काप घेणे, स्टेनिंग (ते रंगवणे) आणि फ्रोझन सेक्शन (ताजी ऊती गोठवून घेतलेले काप) हे सगळे येते. ही बरीचशी कामे टेक्निशियन माझ्यापेक्षा कितीतरी चांगली करतात आणि पुढेही तेच करणार आहेत. मग हा वेळ मी निदानाच्या अभ्यासाला का देऊ नये? ग्रॉसिंगच्या टेबलावर मोठा नमुना समोर आला की कुठून सुरुवात करावी हेच मला सुचत नाही. पुस्तकातली कृती आठवेपर्यंत हात थांबून राहतो. मायक्रोटोमला हात लावला की तिथल्या ज्येष्ठ टेक्निशियनच्या कपाळावर आठ्या पडतात. नमुने टिकवण्याच्या फॉर्मॅलिन या द्रावणाने डोळ्यांची आग होते, ती वेगळीच. हे आठ आठवडे मी कसे घालवावेत?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील एक विधान मी वाद न घालता मान्य करते. टेक्निशियन तुमच्यापेक्षा चांगले सेक्शन कापतात आणि आठ आठवड्यांनंतरही ते तुमच्यापेक्षा चांगलेच कापतील. वर्षानुवर्षे रोज तेच काम करणाऱ्या हातांशी बरोबरी करणे हा या प्रशिक्षणाचा हेतू नाहीच. अहवालाखाली सही तुमची असणार आहे, आणि ज्या स्लाइडच्या भरवशावर ती सही होते त्या स्लाइडने काय दाखवले याइतकेच तिने काय दाखवलेले नाही हेही तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. ३ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून ४ मायक्रॉनचा एक सेक्शन घेतला, तर तो त्या जाडीचा साडेसातशेवा भाग असतो. आणि तो तुकडासुद्धा एका मोठ्या अवयवातून कोणीतरी निवडलेला असतो. ही निवड कोणी केली, कशावरून केली आणि त्यानंतर त्या तुकड्यावर काय काय प्रक्रिया झाल्या, हे ज्याला माहीत नाही तो स्लाइड उत्तम वाचूनही चुकीचे निदान देऊ शकतो. तेव्हा तुम्हाला जो वेळ निदानाच्या अभ्यासातून वजा झाल्यासारखा वाटतो, तो त्याच अभ्यासाचा पहिला भाग आहे, आणि एकदा रोजच्या अहवालांची जबाबदारी अंगावर पडली की तो भाग सवडीने शिकण्याची संधी सहसा मिळत नाही.

आठ आठवडे सगळ्या कामांना सारखे वाटून देऊ नका. प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा : इथे चूक झाली, तर ती नंतर सुधारता येते का? रंग फिका आला तर स्लाइड पुन्हा रंगवता येते. सेक्शनला घडी पडली तर दुसरा सेक्शन कापता येतो. तुकडा आडवा बसला तर मेण वितळवून तो पुन्हा उभा बसवता येतो, जरी तोवर त्यातला काही भाग वाया गेलेला असला तरी. पण उशिरा फॉर्मॅलिनमध्ये गेलेली ऊती पुन्हा ताजी होत नाही, आणि चुकीच्या जागी कापलेला नमुना पुन्हा अखंड होत नाही. जिथे परतीचा रस्ता नाही तिथे तुमचा सर्वाधिक वेळ गेला पाहिजे. या हिशेबाने मी निम्मे दिवस ग्रॉसिंगला देईन आणि उरलेल्या निम्म्यात बाकी सगळे बसवीन.

ग्रॉसिंगच्याही आधीच्या टप्प्यापासून सुरुवात करते, कारण प्रशिक्षणार्थी तिकडे जवळजवळ फिरकतच नाहीत. नमुने जिथे स्वीकारले जातात त्या खिडकीशी पहिले काही दिवस बसा. नमुना शरीराबाहेर कधी आला, फॉर्मॅलिनमध्ये कधी गेला, भांड्यात फॉर्मॅलिन किती आहे, हे प्रत्येक नमुन्याबाबत पाहा आणि लिहून ठेवा. आपण वापरतो ते १० टक्के बफर केलेले फॉर्मॅलिन म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. ते ऊतीत साधारणपणे तासाला एक मिलिमीटर शिरते आणि जसजसे आत जाते तसतसा त्याचा वेग मंदावतो. त्यामुळे न कापता, गळ्यापर्यंत भरलेल्या डब्यात कोंबलेल्या मोठ्या स्तनाच्या किंवा प्लीहेच्या नमुन्यात बाहेरची कड पक्की होते आणि मध्यभाग सडत राहतो. नमुन्याच्या आकारमानाच्या किमान दहापट फॉर्मॅलिन असावे, पोकळ अवयव उघडलेले असावेत आणि घन अवयवांना समांतर छेद दिलेले असावेत, हे नियम यासाठीच आहेत. अर्थात हे छेद देण्याआधी बाहेरच्या पृष्ठभागाची दिशा आणि कडा ओळखण्यासाठी लावायची शाई यांचा विचार झालेला असला पाहिजे, म्हणूनच हे काम घाईत दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही. स्तनाच्या कर्करोगात हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या गाठीच्या पेशींवरील प्रथिनांच्या चाचण्यांसाठी नमुना एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि तिथे ६ ते ७२ तास राहावा, अशी मार्गदर्शक मर्यादा आहे. ही मर्यादा पाळली गेली नसेल आणि रिसेप्टर निगेटिव्ह आला, तर तो निकाल गाठीचा आहे की उशिराचा, हे स्लाइडवरून ठरवता येत नाही, आणि त्या निकालावर रुग्णाचे पुढचे उपचार ठरत असतात.

काही नमुन्यांच्या बाबतीत तर फॉर्मॅलिनच घातक ठरते. लिम्फोमाची शंका असलेल्या गाठीचा एक भाग फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवरील खुणा मोजणाऱ्या चाचणीसाठी) ताजा ठेवावा लागतो. क्षयरोगाची किंवा बुरशीची शंका असेल तर कल्चरसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनला स्पर्श होण्याआधी वेगळा काढावा लागतो. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या अँटिबॉडींच्या चाचणीसाठी) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी वेगवेगळी माध्यमे लागतात. गाउटचे यूरेट स्फटिक पाण्यात विरघळतात, म्हणून त्यांच्यासाठी अल्कोहोलच बरे. हे निर्णय शस्त्रक्रियागृहातून नमुना निघण्यापूर्वीच व्हायला हवेत, आणि ते होण्यासाठी कोणीतरी शल्यचिकित्सकाला आदल्या दिवशी फोन करायला हवा. या आठ आठवड्यांत तो फोन तुम्ही करा. शस्त्रक्रियांची यादी आदल्या संध्याकाळी मागवून घ्या, कोणता नमुना ताजा लागेल ते स्वतः ठरवा आणि मग वरिष्ठांना विचारून खात्री करा.

आता ग्रॉसिंग. टेबलापाशी हात थांबतो याचे तुम्हाला वाईट वाटते, पण मला त्यात काळजी करण्यासारखे काही दिसत नाही. सुरी हातात घेऊन विचार न करणारा प्रशिक्षणार्थी मला अधिक चिंतेचा वाटतो. फक्त थांबलेल्या वेळात तुम्ही चुकीची गोष्ट आठवू पाहता. पुस्तकातली कृती पाठ असली तरी समोरचा नमुना क्वचितच पुस्तकातल्यासारखा असतो. त्याऐवजी शेवटून सुरुवात करा : या नमुन्याच्या अहवालात मला कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत? ते प्रश्न कागदावर लिहिले की छेद कुठे द्यायचा हे बहुतेक वेळा आपोआप कळते.

गुदाशयाच्या कर्करोगाचा नमुना घ्या. अहवालात सांगायचे असते की गाठ भिंतीत किती खोल गेली आहे, भोवतालच्या मेदातील कापलेल्या कडेपासून ती किती दूर आहे, वरची आणि खालची टोके मोकळी आहेत का, लसिकाग्रंथी किती मिळाल्या आणि त्यांतल्या किती बाधित आहेत, शिरांमध्ये गाठ शिरली आहे का, आणि शल्यचिकित्सकाने मेसोरेक्टम, म्हणजे गुदाशयाभोवतीचे मेदाचे आवरण, कोणत्या थरातून काढला आहे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फक्त अखंड नमुन्याकडे बाहेरून पाहून मिळते. एकदा छेद दिला की ते पुरेसे विश्वासाने देता येत नाही. म्हणून सुरी उचलण्यापूर्वी नमुना सर्व बाजूंनी न्याहाळा आणि त्याची पुढून-मागून छायाचित्रे घ्या. भोवतालच्या मेदाच्या कडेपासून १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर गाठ असेल तर ती कड बाधित मानतात, म्हणून त्या पृष्ठभागावर शाई हवी. ती शाई छेदापूर्वी लावून, टिपून, वाळू द्यायला हवी. ओली शाई कापताना आत ओघळते आणि मोकळी कड सूक्ष्मदर्शकाखाली बाधित भासू लागते. आतडे पुढच्या बाजूने उघडा, पण गाठीच्या पातळीवर ते न उघडता तसेच ठेवा, कारण तिथे उघडले तर कडेशी असलेले नाते विस्कटते. मग नमुना नीट पक्का होऊ द्या. दोन दिवस थांबावे लागले तरी थांबा. अहवालाची घाई करणाऱ्यांना कारण समजावून सांगणे हेही तुमचेच काम आहे. पक्का झाल्यावर गाठीचा भाग ३ ते ५ मिलिमीटर जाडीच्या आडव्या चकत्यांमध्ये कापा, त्या चकत्या क्रमाने मांडा, पुन्हा छायाचित्र घ्या, आणि गाठ कडेच्या सर्वांत जवळ कोणत्या चकतीत येते ते डोळ्यांनी पाहून मगच ब्लॉक (मेणात बसवायचे तुकडे) निवडा. लसिकाग्रंथी किमान १२ मिळाव्यात अशी अपेक्षा असते. बारा मिळाल्यावर थांबायचे असा याचा अर्थ नाही. नमुन्यात जितक्या आहेत तितक्या शोधायच्या. हे काम कंटाळवाणे आहे, हे मी नाकारत नाही. परंतु एका बाधित ग्रंथीमुळे रुग्णाला केमोथेरपी द्यायची की नाही हा निर्णय बदलू शकतो, आणि ती ग्रंथी ४ मिलिमीटरची असू शकते. बोटांच्या टोकांना मेदातली ती बारीक गाठ जाणवू लागेपर्यंत सवय व्हावी लागते, आणि ही सवय वाचनातून येत नाही.

वर्णनाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे तरुण डॉक्टर फार निष्काळजी असतात असे माझे ठाम मत आहे. नमुना काही आठवड्यांनी टाकून दिला जातो. त्यानंतर तुमचे वर्णन आणि छायाचित्रे हाच त्याचा एकमेव पुरावा उरतो. 'मोठी पांढरी गाठ दिसली' हे वर्णन निरुपयोगी आहे. गाठ तिन्ही मापांत किती, कोणत्या कडेपासून किती मिलिमीटर, तिची सीमा स्पष्ट की घुसखोर, कापलेला पृष्ठभाग कसा, रक्तस्राव किंवा मृत भाग कुठे, आणि कोणता ब्लॉक नेमका कुठून घेतला, हे सगळे असे लिहा की नमुना न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तो उभा राहील. वर्णन कापण्याआधी सांगायला सुरुवात करा. कापून झाल्यावर आठवून लिहिलेली मापे विश्वासार्ह नसतात. आणि एक सवय अशी लावून घ्या, जी मला या सगळ्यात सर्वांत फलदायी वाटते : ग्रॉसिंग संपले की वर्णनाच्या शेवटी स्वतःच्या वहीत तुमचे नुसत्या डोळ्यांनी केलेले निदान आणि अपेक्षित टप्पा लिहा. दोन-तीन दिवसांनी स्लाइड आल्या की पडताळून पाहा, आणि जिथे मेळ बसत नाही तिथे नमुन्याच्या डब्याकडे परत जा. तुम्हाला मेदात घुसलेली वाटलेली गाठ केवळ जुना दाह निघाला, किंवा निरुपद्रवी वाटलेल्या जागी कर्करोग निघाला, तर तो भाग हातात घेऊन पुन्हा पाहा आणि गरज असेल तर आणखी ब्लॉक घ्या.

छोट्या बायोप्सी सोप्या समजू नका. मोठ्या नमुन्यात एखादा ब्लॉक फसला तर दुसरा घेता येतो. जठराच्या किंवा प्रोस्टेटच्या बारीक तुकड्यात तशी सोय नसते. डब्यात तुकडे किती आहेत ते मोजा, लिहा, जाळीदार कागदात किंवा स्पंजमध्ये नीट ठेवा, आणि एम्बेडिंगच्या वेळी आणि स्लाइडवर तितकेच दिसतात का ते तपासा. एका वेळी एकाच रुग्णाचा डबा उघडा ठेवा. डबा, अर्ज आणि कॅसेट (तुकडा ठेवायची छोटी जाळीदार डबी) या तिन्हींवरचे नाव व क्रमांक दर वेळी मोठ्याने वाचून जुळवा. चिमटा आणि सुरी प्रत्येक नमुन्यानंतर पुसा. ही शिस्त पहिल्या दिवसापासून हातात बसवावी लागते, कारण गडबडीच्या दिवशी फक्त अंगवळणी पडलेलेच टिकते.

हाडाच्या नमुन्यांबाबत एकच सूचना. कॅल्शियम काढण्यासाठी तीव्र आम्ल वापरले की काम लवकर होते, पण डीएनए खराब होतो आणि अनेक इम्युनो चाचण्या (अँटिबॉडीने पेशीतली प्रथिने ओळखणाऱ्या चाचण्या) फसतात. जनुकीय चाचणीची शक्यता असेल तर शक्य तितका मऊ भाग आम्लात न घालता वेगळा प्रोसेस करा, किंवा वेळ लागला तरी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा.

प्रोसेसिंगचे यंत्र रात्री आपले काम करते : चढत्या क्रमाचे अल्कोहोल पाणी काढते, झायलीन अल्कोहोल काढते आणि वितळलेले मेण त्याची जागा घेते. एका सकाळी यंत्राचा पूर्ण कार्यक्रम आणि द्रावणे बदलण्याचे वेळापत्रक समजून घ्या, तेवढे पुरे. एम्बेडिंगला मात्र काही सकाळी द्या. त्वचेचा तुकडा, पित्ताशयाची भिंत आणि टेम्पोरल धमनीचे कापे उभे बसले नाहीत, तर पृष्ठभागापासून खोली मोजता येत नाही, आणि मेलॅनोमाच्या अहवालात ही खोली मिलिमीटरच्या दशांशात सांगावी लागते. तुम्ही ग्रॉसिंग करताना कोणती बाजू खाली हवी हे शाईने किंवा अर्जावरच्या टिपणीने सांगितले नसेल, तर एम्बेडिंग करणाऱ्याने ते ओळखावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

मायक्रोटोमवर दोन आठवडे पुरेसे आहेत, आणि तेही रुग्णांच्या ब्लॉकवर नकोत. अहवाल देऊन झालेल्या मोठ्या नमुन्यांतले उरलेले, टाकून देण्याजोगे तुकडे मागून घ्या आणि त्यांचे सरावाचे ब्लॉक करा. चाक फिरवण्याआधी ते कुलूपबंद कसे करायचे, पाते कसे झाकायचे आणि ब्लॉक बदलताना हात कुठे ठेवायचा, हे आधी शिका. या यंत्राची पाती गंभीर इजा करतात. त्यानंतर माझी एक सूचना आहे, जी सहसा कोणी देत नाही. चांगला सेक्शन जमू लागला की सरावाच्याच ब्लॉकवर मुद्दाम वाईट सेक्शन कापा. बोथट पाते लावा, ब्लॉक थंड न करता कापा, सेक्शन तरंगवण्याच्या पाण्याचे तापमान गरजेपेक्षा वाढवा, पात्याचा कोन बदला, आणि प्रत्येक दोष रंगवून, त्याचे कारण चिकटपट्टीवर लिहून, स्वतःचा एक संच तयार करा. टेक्निशियनच्या देखरेखीखाली आणि यंत्राला धोका होणार नाही अशा मर्यादेतच हे करायचे. पुढे एखाद्या रुग्णाच्या स्लाइडवर लांबट समांतर रेघा दिसल्या की पात्याला खाच आहे किंवा ऊतीत कॅल्शियम आहे हे तुम्हाला लगेच सुचेल. आडव्या पट्ट्या दिसल्या की ब्लॉक किंवा पाते सैल असल्याची अथवा ऊती फार कठीण झाल्याची शंका येईल. जाड आणि पातळ सेक्शन आलटून-पालटून आले तर पात्याच्या कोनाकडे लक्ष जाईल. आणि एखादा परका तुकडा शेजारच्या ऊतीहून वेगळ्या पातळीवर फोकस होतो आहे हे दिसताच, तो पाण्याच्या तसराळ्यातून आला असावा हे ओळखून तुम्ही त्याच्यावरून कर्करोगाचे निदान करणार नाही.

मायक्रोटोमपाशी आणखी एक गोष्ट पाहाल, ती म्हणजे ब्लॉकमधून ऊती किती झपाट्याने संपते. ब्लॉक परत लावून पृष्ठभाग सपाट करताना दर वेळी थोडी ऊती वाया जाते. फुप्फुसाच्या बारीक बायोप्सीत कर्करोगाची शंका असेल, तर तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा सेक्शन मागवण्यापेक्षा पहिल्याच वेळी काही रंगवलेले आणि काही कोरे सेक्शन एकदम कापून ठेवावेत. इम्युनो चाचण्यांची लांबलचक यादी लिहून देणाऱ्या डॉक्टरने जनुकीय चाचणीला ऊती उरेल का हा विचार केलेला असावा. ज्याने स्वतः ब्लॉक कापला आहे तो ही यादी आखडती घेतो, असे मी वारंवार पाहिले आहे.

स्टेनिंगमध्ये हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन नेहमीचे रंग पक्के समजले की पुष्कळ झाले. हिमॅटॉक्सिलिन किती वेळ, आम्लयुक्त अल्कोहोलने किती उतरवायचे, आणि पाण्यात निळे होईपर्यंत किती थांबायचे, हे हाताने केल्यावरच केंद्रकातले बारीक तपशील कधी दिसतात आणि कधी बुजतात ते कळते. इओसिन योग्य असेल तर लाल रक्तपेशी, स्नायू आणि कोलॅजन यांच्या गुलाबी छटा वेगवेगळ्या दिसतात. रोज सकाळी पहिली स्लाइड टेक्निशियनसोबत पाहून ती छटा तपासा. स्पेशल स्टेनपैकी, अमायलॉइड या असामान्य प्रथिनाचे थर दाखवणाऱ्या कॉंगो रेडची एक खूण लक्षात ठेवा : त्यासाठी सेक्शन नेहमीपेक्षा जाड, साधारण ८ ते १० मायक्रॉनचे हवेत, नाहीतर थोडे अमायलॉइड निसटते. इम्युनो चाचण्यांचे तंत्र आता बहुतांशी यंत्रे करतात. तुम्ही नियंत्रण स्लाइड (जिचा निकाल आधीच माहीत आहे अशी तुलनेची स्लाइड) आधी पाहिल्याशिवाय रुग्णाची स्लाइड पाहायची नाही, आणि रुग्णाच्याच ऊतीत ज्या सामान्य पेशी रंगायला हव्यात त्या रंगल्या आहेत का हे आधी शोधायचे. त्या रंगल्या नसतील तर 'निगेटिव्ह' हा शब्द अहवालात लिहिता येत नाही.

फ्रोझन सेक्शनला शेवटचा आठवडा राखून ठेवा, कारण तिथे वरचे सगळे एकाच वेळी आणि घाईत लागते. १९०५ साली मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच निदान देण्याची ही पद्धत रूढ केली. यंत्रे बदलली, तरी अडचणी बऱ्याचशा त्याच आहेत. ऊती हळू गोठली की बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, म्हणून ती कोरडी टिपून झटपट गोठवायची. साधारण उणे २० अंशाला बहुतेक ऊती नीट कापल्या जातात, मेदयुक्त ऊतीला त्याहून थंड लागते. तंत्राहून महत्त्वाचा आहे तो प्रश्न : या उत्तराने शस्त्रक्रियेत आत्ता काय बदलणार आहे? काहीच बदलणार नसेल तर गोठवू नका, विशेषतः नमुना छोटा असेल तर मुळीच नको, कारण गोठवून वितळलेली ऊती पुढच्या निदानासाठी पूर्वीसारखी राहत नाही. काही भाग नेहमी न गोठवता बाजूला ठेवा, सोबत टच इम्प्रिंट (ऊती काचेवर टेकवून घेतलेला पेशींचा ठसा) घ्या, आणि खात्री नसेल तेव्हा नेहमीच्या, मेणातून कापलेल्या पक्क्या सेक्शनपर्यंत थांबावे लागेल असे शल्यचिकित्सकाला स्पष्ट शब्दांत सांगायला शिका. वरिष्ठ हे वाक्य फोनवर कसे बोलतात ते शेजारी उभे राहून ऐका.

एक छोटे काम सूक्ष्मदर्शकाचेही करून टाका. तुमच्या आयपीसवर लिहिलेल्या फील्ड नंबरला वस्तुभिंगाच्या वर्धनाने भागले की दृश्यक्षेत्राचा व्यास मिळतो. २२ भागिले ४० म्हणजे ०.५५ मिलिमीटर, तर २० भागिले ४० म्हणजे ०.५ मिलिमीटर. दहा क्षेत्रे मोजली तर पहिल्यात सुमारे २.३८ चौरस मिलिमीटर मोजले जातात आणि दुसऱ्यात सुमारे १.९६. एकाच गाठीतले मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) मोजताना शेजारी बसलेल्या दोघांचे आकडे म्हणूनच जुळत नाहीत. आपला आकडा एकदा काढून सूक्ष्मदर्शकावर चिकटवून ठेवा आणि मोजणी चौरस मिलिमीटरमागे द्या.

ज्येष्ठ टेक्निशियनबद्दल तुम्ही लिहिले आहे त्यामागचे कारण मी ओळखू शकते. दर काही महिन्यांनी एक नवा डॉक्टर येतो, पाते बोथट करतो, दिवसभराच्या ब्लॉकांचा क्रम बिघडवतो, आणि उशीर झाला की जाब टेक्निशियनला विचारला जातो. तुम्ही त्यांच्याकडे शिकायला गेला आहात हे त्यांना शब्दांत सांगा. सकाळच्या कामाच्या वेळी यंत्र मागू नका. काम संपल्यावरची वेळ त्यांनाच विचारून ठरवा, आणि स्वतः वापरलेली जागा व पाते स्वतः साफ करा. तुम्ही केलेल्या ग्रॉसिंगचे ब्लॉक त्यांना कापायला त्रासदायक होतात का, हे विचारा. तुकडे फार जाड आहेत, मेद फार आहे, टाके किंवा स्टेपल आत राहिले आहेत, अशी खरी उत्तरे तुम्हाला मिळतील, आणि त्यांतल्या प्रत्येक उत्तराने तुमचे ग्रॉसिंग सुधारेल. पुढच्या आठवड्यात तसा फरक त्यांना ब्लॉकमध्ये दिसला की आठ्या कमी होतील असा माझा विश्वास आहे. आणि नाही झाल्या, तरी तुमच्या रुग्णांच्या स्लाइड चांगल्या निघतील.

राहता राहिला डोळ्यांच्या आगीचा प्रश्न, तो कृपया सोसत बसू नका. फॉर्माल्डिहाइड हे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घातलेले आहे. त्याच्या वासाची नाकाला सवय होते, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे समजू नये. पक्का झालेला नमुना कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली धुवा, डब्यांची झाकणे लगेच लावा, हवा खाली ओढणाऱ्या टेबलाची जाळी कागदांनी आणि डब्यांनी झाकू नका, आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा वापरा. साधा शस्त्रक्रियेचा मास्क ही वाफ अडवत नाही. एवढे करूनही आग होत राहिली, तर वायुवीजनात दोष आहे असे गृहीत धरा आणि त्या खोलीतील फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण मोजून घेण्याची मागणी विभागप्रमुखांकडे लेखी करा. त्या मागणीवर टेक्निशियनचीही सही घ्या, कारण तुम्ही तिथे आठ आठवडे असणार आहात आणि ते कायम असणार आहेत.